साहेबांसाठी बुडवण

टिपणीस साहेबांना मी भीत असे. यात लपवण्यासारखं काही नाही. कचेरीत प्रत्येक जण कुणाला ना कुणाला भीत असतोच. मी ते काम जरा मन लावून करत असे, इतकंच. साहेबांच्या खोलीतली घंटा वाजली की आधी माझ्या पोटात गोळा यायचा आणि मग शिपाई बोलवायला यायचा.

साल चव्वेचाळीस. लढाई चालू होती आणि धुळ्याच्या पुरवठा कचेरीत मी तात्पुरता कारकून होतो. त्या चैत्रात धडगावची जागा रिकामी झाली. धडगाव म्हणजे पार अक्राणीच्या डोंगरात. तिथला आधीचा कारकून हिवतापानं इतका वाळून परत आला की त्याच्या बायकोनं दारातच त्याला "कोण पाहिजे?" असं विचारलं, असं लोक सांगत. त्याच्या जागी धाडायच्या तीन नावांची यादी साहेबांच्या टेबलावर काचेखाली होती. दुसरं नाव लोटन हिलाल पाटील. म्हणजे मी.

अशा दिवसांत माणसानं तोंड बंद ठेवावं. मी उघडलं.

झालं असं की बुधवारी बाईसाहेब साहेबांची विसरलेली औषधाची बाटली घेऊन कचेरीत आल्या. मी सहीचे कागद घेऊन टेबलापाशी उभा होतो. बाईसाहेब पंख्याखाली बसून म्हणाल्या, "इथे येऊन दोन वर्षं झाली, जाऊ त्या घरी पेढा नाहीतर बासुंदी. पुण्याला क्लबात किती छान करायचे! मधोमध एक वाटी. आत दाट, पांढरं, लोण्यासारखं मऊ असं काहीतरी. गोड नाही हं, खारं. लसणीचा वास. त्यात पातळ बिस्किट बुडवायचं आणि खायचं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"काय पाटील? तुमच्या खानदेशात करतात का असलं काही?"

मला 'नाही' म्हणायचं होतं, देवाशपथ. पण दोन वर्षांत साहेबांच्या कुठल्याच प्रश्नाला मी 'नाही' म्हटलेलं नव्हतं आणि जिभेला ती सवयच राहिली नव्हती.

"करतात साहेब. आमच्या घरी नेहमी करतात."

"अस्सं! काय म्हणतात त्याला?"

"बु... बुडवण."

"बुडवण!" बाईसाहेबांनी टाळी वाजवली. साहेब काचेखालच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "रविवारी चारला येतो आम्ही. देवपुरात राहता ना तुम्ही?"

बोट माझ्या नावावर होतं. मुद्दाम ठेवलं होतं की सहज, ते मला अजून कळलेलं नाही.

पांझरेचा पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत मला घाम फुटून वाळला होता. माझी बायको सुंदरबाई परातीत ज्वारी निवडत होती. तिला मी सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बुडवण म्हणजे काय?"

"ते मला माहीत असतं तर मी असा दिसलो असतो का?"

"पांढरं, दाट, खारं, लसणीचं," तिनं बोटं मोजली. "म्हणजे चटणीच की हो."

"चटणी म्हणू नकोस! चटणीसाठी सप्लाय ऑफिसर पूल ओलांडून येत नाही."

आतून माझी फुई, म्हणजे आत्या, भिकुबाई बाहेर आली. फुई आमच्या साक्रीकडच्या गावची, वय सत्तर, अजून मुसळ उचलणारी. तिनं विचारलं, "काय व्हयनं रे लोटन? तोंड कसाले उतरेल शे?"

मी घरात शुद्ध बोलण्याचा आग्रह धरतो. कारकून झाल्यापासून तसा नियमच केला आहे. पण भीती वाटली की माझी भाषा परस्पर साक्रीला निघून जाते. मी म्हणालो, "फुई, साहेब येवाव शे. बठ्ठं खलास शे." म्हणजे साहेब येणार, सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुंदरबाई शेजारच्या भंवरीबाईकडे गेली. भंवरीबाई म्हणजे किराणावाल्या चंपालालजींची बायको. तिच्या हातचं श्रीखंड देवपुरात प्रसिद्ध होतं. तिनं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हे तर बिनसाखरेचं श्रीखंड! दही फडक्यात बांधा, पाणी गळू द्या, राहील तो चक्का. फेटा, मीठ घाला. साखर मिळत नाही म्हणून लोक रडतात, आणि तुम्हाला साखर नको असलेला साहेब मिळालाय. नशीबवान आहात." एवढं बोलून तिनं आवाज खाली आणला. "लसूण तुमची तुम्ही घाला. आमच्याकडे चालत नाही. मला वाससुद्धा सांगू नका."

पहिला प्रयत्न त्याच दिवशी झाला. पुना गवळ्याकडून रोजच्याशिवाय चार शेर दूध जादा घेतलं. दही लागलं, पण चैत्रातल्या उन्हानं ते संध्याकाळपर्यंत असं आंबलं की मी बोटभर चाखलं आणि माझा डावा डोळा निजेपर्यंत नीट उघडेना. सुंदरबाई म्हणाली, "उद्या पुन्हा लावू." तिच्या या शांतपणाचा मला राग येत असे. घरात एकानं घाबरायचं आणि एकानं नाही, यात घाबरणाऱ्यावर दुप्पट भार पडतो.

शुक्रवारी संध्याकाळी निंबाआबा आले. निंबाआबा आमच्यापासून तिसऱ्या घरात राहत. पोलिसात हवालदार होते. पेन्शन घेतली होती, पण गस्त सोडली नव्हती. ओट्यावर बसून त्यांनी नाक वर केलं.

"दूध तापतंय वाटतं. बरंच तापतंय."

"थोडंसं," मी म्हणालो.

"चावडीवरचा हुकूम वाचला ना लोटनभाऊ? तुमच्याच कचेरीचा. दुधाचा खवा, मलई, चक्का बंद."

"विकायला बंद, आबा. 'करून विकणे' असं आहे त्यात. घरच्या घरी कुणी काही करावं."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "मी अक्षर न् अक्षर वाचलंय. 'करणे व विकणे'. करणेसुद्धा."

माझ्या हातातलं पानाचं तबक खाली पडलं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. मी सकाळी सर्वांच्या आधी जाऊन ती फाईल काढली. साहेबांच्या मसुद्यात स्वच्छ लिहिलं होतं, 'करून विकणे'. शेजारी माझी स्वच्छ प्रत. माझं वळणदार अक्षर, ज्याचं साहेबांनी एकदा कौतुक केलं होतं. त्या वळणदार अक्षरात मी लिहिलं होतं, 'करणे व विकणे'. खाली साहेबांची सही. याच प्रतीवरून अकरा नकला निघून साक्रीपासून शिरपूरपर्यंत गावोगाव चावडीवर लागल्या होत्या. माझ्या एका 'व'नं अर्ध्या जिल्ह्याचा घरचा चक्का गुन्ह्यात टाकला होता. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता तोच गुन्हा मी सही करणाऱ्या साहेबांच्या पुढ्यात वाटीत घालून ठेवणार होतो.

साहेबांना सांगावं, तर चूक माझी आणि खाली सही त्यांची. न वाचता सही केली हे साहेबाला सांगणारा कारकून धडगावला जातो आणि परत येत नाही. न सांगावं, तर साहेबांचा टांगा उद्या पुलावरून येऊन नेमका देवपूरच्या चावडीसमोरूनच जाणार. शेवटी मी ठरवलं की निदान तो चावडीवरचा कागद तरी दुरुस्त करायचा. मी कोटाच्या खिशात टाक आणि दौत घातली आणि दुपारी चावडीवर गेलो.

भर उन्हात कुणी नसेल असा माझा हिशेब. टाक बुडवून मी 'व'ला हात घातला, तोच मागून आवाज आला, "काय वाचतात भाऊ? जरा मोठ्यानं वाचा, आम्हालेबी समजू द्या."

पुना गवळी होता. हातात रिकामी चरवी. मी टाक बाहीत सरकवला. शाई कोपरापर्यंत गेलेली मला जाणवली. पुनाच्या मागे आणखी चारपाच जण सावलीला येऊन उभे राहिले. सरकारी कचेरीतला माणूस सरकारी कागदापुढे उभा आहे म्हणजे काहीतरी नवीन असणार असं त्यांना वाटलं. निंबाआबाही आले. आता वाचल्याशिवाय सुटका नव्हती. मी वाचलं. 'करणे व विकणे' हे शब्द आले तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला की आबा म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं.

पुनानं विचारलं, "म्हणजे भाऊ, घरनं दही घरना फडक्यामा बांधं, तरी गुन्हा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सरकारी नोकरानं सरकारी कागदाच्या विरुद्ध कसं बोलावं? मी म्हणालो, "हो. गुन्हा."

"कैद?"

"होऊ शकते."

पुना विचारात पडला. मग भाबडेपणानं म्हणाला, "पण भाऊ, तुमना घर तर परवापासून चार शेर जादा दूध जास शे. ते कसाले?"

आबा एक पाऊल पुढे आले.

"फुई आजारी आहे," मी म्हणालो. "डॉक्टरांनी नुसत्या दुधावर ठेवलंय."

"अरे अरे!" सगळे कळवळले. आबा म्हणाले, "अक्का आजारी आणि आम्हाला पत्ता नाही! येतोच मागोमाग बघायला."

मी घराकडे धावलो. फुई अंगणात बसून लाल मिरच्यांची देठं मोडत होती. "फुई, झोप! तू आजारी आहेस!"

"माले काय व्हयनं?"

"ते नंतर ठरवू. आधी झोप."

तिला ओढत नेऊन खाटेवर निजवलं आणि अंगावर गोधडी घातली. चैत्रातली दुपार, वर पत्रे, आणि गोधडी. फुई आतून काय बोलली ते मी लिहीत नाही.

एवढ्यात माझं लक्ष खिडकीकडे गेलं. सुंदरबाईनं दुसऱ्या दह्याचं गाठोडं खिडकीच्या गजाला टांगलं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असं, पांढरं शुभ्र, ठिबकणारं. मी ते काढलं आणि बाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगून त्यावर माझा काळा कोट अडकवला. खाली पाणी धरायला हाताला लागलं ते पितळी भगोनं, म्हणजे पातेलं, सरकवलं. कोट जरा पुढे आलेला दिसत होता, एखादा पोट सुटलेला कारकून भिंतीकडे तोंड करून उभा असावा तसा. पण दुसरी जागा नव्हती. आबा दारात होते.

आबा खाटेपाशी बसले. फुईची नाडी पाहिली. "अंग फारच तापलंय," ते म्हणाले. गोधडीखाली आगीतून काढल्यासारखी झालेली फुई कण्हली. तिचं ते कण्हणं खरं होतं.

टप.

आबांनी मान वळवली. मी खोकलो.

टप. टप.

"काय टपकतंय?"

"काढा," मी म्हणालो. "फुईचा काढा गाळायला ठेवलाय."

"कोटात?"

"कोटाच्या मागे. उजेड लागू द्यायचा नाही त्याला. वैद्यांनी बजावलंय."

आबांनी वास घेतला. "आंबट येतो वास."

"आंबटच सांगितलाय."

"मघाशी डॉक्टर म्हणालात."

"दोघांचं मत एक पडलं."

आबा बराच वेळ कोटाकडे पाहत राहिले. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती चोर असे नुसत्या बघण्यानं मोडले असतील, याचा मी विचार करत होतो. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडायच्या बेतात होतं, तोच ते उठले. "उद्या पुन्हा येऊन जाईन," म्हणाले. "चारच्या सुमाराला."

ते गेल्यावर सुंदरबाई आली, गाठोडं आणि भगोनं दोन्ही उचलून आत घेऊन गेली आणि म्हणाली, "कोट धुवायला टाका. पाठीवर पांढरा डाग पडलाय." माझा एकुलता एक काळा कोट. तो रात्रभर वाळला, पण वास गेला नाही.

रविवारी चार वाजता टांगा आला. साहेब उतरले, बाईसाहेब उतरल्या. टांग्यापाठोपाठ निंबाआबाही आले आणि साहेबांना कडक सलाम ठोकून ओट्यावर बसले. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" आबा म्हणाले, "शेजारी. रिटायर हवालदार. घरात आजारी माणूस आहे, बघायला आलो." साहेबांची भुवई वर गेली. "आजारी? काय आजार? लागण होण्यासारखा नाही ना?" मी घाईघाईनं सांगितलं की बरं आहे आता, पूर्ण बरं आहे. फुई मागच्या अंगणात भांडी घासत होती, त्यांचा आवाज येत होता.

मग सुंदरबाईनं वाटी आणली.

मी ती तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिली. पांढरा, घट्ट, मऊ चक्का. त्यात कुटलेली लसूण, भाजलेल्या हिरव्या मिरचीचे बारीक तुकडे, जिऱ्याची पूड, वर कोथिंबीर आणि तेलाचे चार थेंब. बाजूला ताटभर भाजलेले बिबडे. ज्वारीचे, पातळ, कुरकुरीत. बाईसाहेबांनी बिबड्याचा तुकडा मोडला, वाटीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

मीही मिटले. भीतीनं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पुण्याचं काय घेऊन बसलात! हे तर त्याच्या वरताण आहे."

साहेबांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मग खुर्ची पुढे ओढली. बाईसाहेब तर बिबडे कसे भाजतात ते बघायला वाटीभर बुडवण घेऊन थेट चुलीपाशीच गेल्या. साहेब खात होते, मी उभा होतो, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटातला गोळा जरा सैल पडला. साहेब घास गिळून म्हणाले, "पाटील, ते धडगावचं..."

त्याच क्षणी मागच्या अंगणातून फुईचा आवाज आला. तिचा आवाज साक्रीच्या बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

"सुंदर! हाई पितळना भगोनामा दही कोनी ठेवं व? यानी कल्हई बठ्ठी जायेल शे! हिरवंगार पडेल शे आतमा!"

ज्याच्या घरात पितळेची भांडी आहेत त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट राहिलं की ते कळकतं. कळकलेलं म्हणजे विष. ते भगोनं मी ठेवलं होतं, माझ्या हातानं. आणि गाठोडं आणि भगोनं दोन्ही मिळून आत गेलेलं मी पाहिलं होतं. साहेबांच्या वाटीत तळ दिसत होता.

"काय म्हणाल्या त्या?" साहेबांनी विचारलं. त्यांना अहिराणी येत नव्हती.

मला येत होती. आबांनाही येत होती. आबा ओट्यावरून उठून आत आले आणि जबानी द्यावी तशा आवाजात म्हणाले, "सन एकतीस. नरडाण्याजवळच्या एका लग्नात कल्हई नसलेल्या पितळेतलं ताक वाढलं. सत्तेचाळीस माणसं आडवी. मी पंचनामा केलाय."

साहेबांचा हात अर्ध्यात थांबला. "हे मला का सांगताय?"

आता गप्प राहिलो असतो तर नोकरी कदाचित वाचली असती. साहेब संध्याकाळी बंगल्यावर जाऊन आजारी पडले असते, आणि कशानं ते कुणाला कळलंही नसतं. हा विचार माझ्या मनात आला हे मी कबूल करतो. मी फार भित्रा माणूस आहे. पण त्या क्षणी नोकरीच्या भीतीपेक्षा मोठी भीती माझ्या छातीत येऊन बसली. हा समोरचा माणूस मरेल, आणि त्याच्या बायकोला मी काय सांगू?

"साहेब, खाऊ नका! जहर शे त्यामा!" मी ओरडलो आणि वाटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. मग बांध फुटल्यासारखं सगळं आलं, अर्धं शुद्ध, अर्धं अहिराणी. भगोनं, कल्हई, कोट, फुईचं खोटं आजारपण, हुकुमातला 'व', बुडवण नावाचा पदार्थ जगात नाही हे, सगळं. "माले धडगावले धाडा, कैद करा, पण आते आधी मिठाचं पाणी प्या!"

मला वाटलं साहेब गर्जतील. साहेब गर्जले नाहीत. त्यांचा चेहरा बिबड्यासारखा पांढरा पडला. ते हळूच खाटेवर बसले, मग आडवे झाले, आणि इतक्या बारीक आवाजात बोलले की मला वाकावं लागलं.

"मला तोंडात धातूची चव आली होती. मला वाटलं लसूण."

"साहेब..."

"माझी जीभ बघा. हिरवी आहे?"

मी पाहिली. पांढरी होती, पण ती बुडवणीमुळे. आबांनी तांब्याभर मिठाचं कोमट पाणी आणलं. साहेबांनी ते गटागटा पिऊन टाकलं आणि मग माझा हात धरला. घट्ट. त्यांचा तळवा गार आणि ओला होता. इतके दिवस ज्या हाताच्या सहीला मी भीत आलो, तो हात आता माझ्या हातात होता.

"माझे वडील असेच गेले, पाटील," ते म्हणाले. "जेवता जेवता. तेव्हापासून मी... तुम्हाला काय सांगायचं. रोज ताटावर बसलो की मला वाटतं, आज." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भावाला तार करा. रत्नागिरीला. आणि हिला, हिला काही सांगू नका."

हिला! मी दचकलो. बाईसाहेब आत चुलीपाशी होत्या, वाटीभर बुडवण घेऊन. मी हात सोडवून स्वयंपाकघरात धावलो. बाईसाहेब पाटावर मांडी घालून बसल्या होत्या, हातात बिबडा, समोर रिकामी वाटी, आणि त्या सुंदरबाईकडून दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी बिबड्यावर झडप घातली.

"थुंका! बाईसाहेब, थुंका! कळकलंय!"

सुंदरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराशी हातात भगोनं घेऊन उभ्या असलेल्या फुईकडे पाहिलं. तिला उमगायला फार वेळ लागला नाही.

"चक्का त्या भगोन्यात कशाला ठेवीन मी?" ती म्हणाली. "गाठोडं आणल्या आणल्या चक्का गाडग्यात काढला. भगोन्यात खाली गळलेलं पाणी होतं. ते कढीलिंबाच्या झाडाला ओतलं आणि भगोनं घासायला ठेवलं. ते तसं ठेवणारे तुम्हीच, मी नाही."

"म्हणजे... कुणी मरत नाही?"

"झाड मेलं तर सांगता येत नाही."

बाईसाहेबांना हे सगळं समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडात धरावा लागला. मी बाहेर जाऊन साहेबांना सांगितलं. साहेब उठून बसले. त्यांनी चष्मा लावला, कोटाची बटणं लावली, आणि भिंतीकडे पाहत विचारलं, "टांगा आहे ना?" त्यांना एवढं मिठाचं पाणी पाजलं होतं की त्यांना आधी अंगणात जावं लागलं. आबांनी पाठ वळवून उभं राहून त्यांची अब्रू राखली. हवालदारीतली माणसं अशा वेळी खरी कामाला येतात.

टांगा पुलाकडे गेला तेव्हा साहेबांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी उंबऱ्यात बसलो. जिवानं वाचलेला साहेब हा मेलेल्या साहेबापेक्षा जास्त धोक्याचा असतो, हे मला तेव्हा सुचलं. त्याला आठवत असतं.

सोमवारी घंटा वाजली. मी आत गेलो. टेबलावर दोन कागद होते. माझी ती वळणदार प्रत आणि काचेखालून बाहेर काढलेली धडगावची यादी. साहेब माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दार लोटून घ्या."

मी दार लोटलं.

साहेबांनी लाल शाईचा टाक घेतला आणि 'करणे व' एका रेघेनं खोडून वर 'करून' लिहिलं. "अकरा नकला पुन्हा काढा. चूक मसुद्यातली होती असं लिहा."

"साहेब, मसुदा बरोबर होता. चूक माझी..."

"सही माझी होती," साहेब म्हणाले. "मी वाचलं नव्हतं." मग त्यांनी धडगावची यादी उचलली. माझ्या नावावरून लाल रेघ ओढली. पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं, आणि ते डोळे साहेबाचे नव्हते. घंटा ऐकून पोटात गोळा येणाऱ्या माणसाचे होते. ते डोळे मी ओळखत होतो. मी ते रोज आरशात बघत होतो.

"काल तुम्ही काही पाहिलं नाही, पाटील."

"नाही साहेब."

"काही ऐकलंही नाही."

"नाही साहेब."

मग कागद चाळत, जणू कागदालाच विचारत असावेत तसं म्हणाले, "ते... हात सोडून तुम्ही आत धावलात. हिच्यासाठी ना?"

"हो साहेब."

"बरं केलंत," ते म्हणाले. "जा आता."

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा सुंदरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली. मग विचारलं, "खरंच एवढे घाबरले होते का हो साहेब?"

"माझा हात धरला होता त्यांनी. सोडत नव्हते."

"आणि तुम्ही?"

मी जरा आठवून पाहिलं.

"मीसुद्धा घट्ट धरला होता," मी म्हणालो.